घरात इंग्रजीचं वातावरण

एका मासिकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. बदल्या, बढत्या आणि मुख्याध्यापकांशी झालेले वाद यांत कुणाला काय रस असणार? पण त्याच आठवड्यात फोनच्या पडद्यावर ईरा आणि निनाद आले. ही माझी नातवंडं, राहतात फार दूर. निनादने विचारलं, "आजी, बाबा म्हणतो तू शाळेत होतीस, पण शेवटी शेवटी मुलांना शिकवत नव्हतीस. मग काय करायचीस? आईबाबांना शिकवायचीस?" फोनवर उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हे त्या दोघांसाठी लिहिते आहे. त्यांचा बाबा त्यांना वाचून दाखवेल. बाकीच्यांनी वाचलं तर माझी हरकत नाही.

आधी शाळेबद्दल सांगते. नांदेडमधली आमची शाळा अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. आमच्याकडे याला 'सेमी' म्हणतात. आपल्या मुलाला इंग्रजी यावं पण ते आपल्यापासून तुटू नये, असं ज्या आईबापांना वाटतं त्यांच्यासाठी ही सोय. आमच्याकडे सगळ्या प्रकारची मुलं येत. बाजारातल्या दुकानदारांची, रेल्वेच्या लोकांची, ऑटो चालवणाऱ्यांची, आणि शिक्षणासाठी भोकर-मुदखेडकडून शहरात येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांचीही.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर संस्थेने परत बोलावलं आणि जिन्याखालच्या खोलीत एक टेबल दिलं. टेबलावर पाटी होती, 'पालक संपर्क'. म्हणजे काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून माझं मीच ठरवलं. मुलाच्या शिकण्यात त्याच्या घराला ओढून आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पालक सभेला बाप आले तर पुढच्या रांगेत बसून "हुशार हाय का पोरगा?" एवढंच विचारत, आणि आया मागच्या रांगेत बसून काहीच विचारत नसत. एक आजोबा तर दर सभेत उभे राहून एकच वाक्य बोलत, "मारा, पण शिकवा." मग समाधानाने खाली बसत.

तेव्हा मी घरी जायला लागले. घरी जाण्याचीही एक रीत असते, ती चुका करत शिकले. पहिल्या घरी मी हातात वही घेऊन गेले, तर म्हातारबुवा आतून रेशनकार्ड घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, माझं नाव कमी करू नका." त्या दिवसापासून वही नेणं बंद केलं. "अभ्यास घेता का?" असंही विचारत नसे, कारण त्याला सगळीकडे "हाव" हेच उत्तर. त्याऐवजी विचारायची, "जेवताना काय बोलता?" या प्रश्नावर घर उघडं व्हायचं.

दुसरी गोष्ट सुरू केली 'घरचा तास'. शनिवारी शेवटच्या तासाला कुणाच्या तरी घरचं माणूस वर्गात यायचं आणि त्याला येत असेल ते, येत असेल त्या भाषेत सांगायचं. देगलूरकडच्या एका आजींनी येऊन मुलांना तेलुगूत आकडे म्हणायला शिकवले. सगळा वर्ग दोन दिवस "ओकटी, रेंडू, मूडू" करत फिरत होता. सोमवारी एक पालक तणतणत आले, "आमी लेकरू इंग्लिशसाठी घातलं, हे मधीच तेलुगू कुठून आलं?" मुख्याध्यापक सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येते.

दर वर्षी पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी संस्थेचे अध्यक्ष भाषण करत. सरळ मनाचे गृहस्थ, पण भाषण ठरलेलं. त्यात एक वाक्य हमखास असे : "पालकांनो, शाळा तिचं काम करील. तुम्ही फक्त घरात इंग्रजीचं वातावरण ठेवा." टाळ्या पडत, मंडळी घरी जात आणि आपापल्या परीने वातावरण ठेवत. कुणी फ्रिजवर 'फ्रिज' आणि दारावर 'डोअर' अशा चिठ्ठ्या चिकटवत. एका घरी आजोबा सकाळी म्हशीलासुद्धा "गुड मॉर्निंग" म्हणत. आम्ही शिक्षक यावर खूप हसायचो. त्या वाक्याचं एखाद्या घरात काय होत असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता.

तिसरीच्या प्रीती मॅडम एकदा माझ्याकडे आल्या. तरुण, कडक, कामात चोख. म्हणाल्या, "श्रावस्ती वर्गात बोलत नाही. लिहिते सगळं, विचारलं की मान हलवते. मधल्या सुट्टीतही एकटी डबा खाते. वडिलांनी कान तपासून आणलेत, कान चांगले आहेत. तुम्ही घरी जाऊन बघा."

वडील प्रवीण, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात कारकून. आई वैशाली, भोकरकडच्या एका खेड्यातली, बारावी झालेली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी दुपारी गेले. दार वैशालीताईंनी उघडलं. मागे श्रावस्ती उभी होती.

"कम, मॅडम," वैशालीताई म्हणाल्या. "सिट. ड्रिंक वॉटर."

मला वाटलं, मी इंग्रजीची बाई म्हणून माझ्यासाठी चाललंय. मी मराठीत बोलले. त्या हसल्या, मान डोलावली, मुलीला म्हणाल्या, "श्रावू, ब्रिंग बिस्कीट." घर लख्ख, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मुलीची पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. मी विचारलं, जेवताना काय बोलता? त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "श्रावू, गो. प्ले."

मुलगी जिना उतरली. तिच्या चपलांचा आवाज बंद झाला आणि या बाईंना जणू कंठ फुटला.

"मॅडम, चहात साखर किती घालू? तुमी इतक्या उन्हात कामून आलात, मला बोलवायचं होतं की! माझी पोरगी काय चुकली का? लई गुणाची हाय ओ ती. मीच अडाणी. मला येत्यात ते धा-पाच शब्द इंग्रजीचे, कम, सिट, ईट, स्लीप. तेवढेच बोलते तिच्यासंगं. पहिलीपासून. सायबांनी सांगितलं व्हतं ना, घरात वातावरण ठेवा म्हणून. हे बी म्हणले, तुझं गावठी तिच्या कानावर नको. आईचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन बोलते, दार लोटून. मॅडम, आमच्या घरात मीच सगळ्यात जास्त बोलणारी व्हते. बाप म्हणायचा, हिच्या तोंडाला झाकण लावा."

त्या हसत होत्या. जिन्यावर पुन्हा चपलांचा आवाज आला. वैशालीताई वाक्याच्या मध्येच थांबल्या. श्रावस्ती आत आली. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "ड्रिंक मिल्क."

ईरा, निनाद, मला त्या क्षणी समजलं की या मुलीशी तिच्या आईने पहिलीपासून हुकूमच केले होते, गोष्ट केली नव्हती. भांडण नाही, चिडवणं नाही, 'असं का?' नाही. आई प्रामाणिकपणे शाळेचं ऐकत होती. मुलगीही आईचं ऐकत होती. घरात कुणी बोलत नसे, म्हणून तीही बोलत नसे.

संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या घरी जाऊन प्रवीणना भेटले. त्यांनी मला अजून एक गोष्ट सांगितली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीला लातूरला मोठ्या भावाकडे ठेवायचं ठरलं होतं. भावजय इंग्रजी शाळेत शिक्षिका, त्यांच्या घरी सगळे इंग्रजी बोलतात. "पोरगी तिथं बोलायला शिकंल," ते म्हणाले.

"आणि यांचं काय म्हणणं?" मी वैशालीताईंकडे पाहिलं. मुलगी तिथेच होती, म्हणून त्या गप्प होत्या. प्रवीणच बोलले, "तिचंच म्हणणं हाय. ती म्हणते, माझ्यापशी राहून लेकरू मुकं व्हायलंय."

आठ वर्षांची मुलगी आईपासून तोडली जाणार होती, आणि आई ते मान्य करत होती, कारण आपलं बोलणं मुलीला बाधतं असं तिला पटलं होतं.

मी माझी बाजू मांडली. घरची भाषा पक्की असली की तिच्यावर दुसरी चढते, असं सगळं. ज्या मुलीला आईला 'का' विचारता येत नाही तिला ते इंग्रजीत कुठून येणार, असंही म्हटलं. प्रवीणनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, रागवू नका. तुमी इंग्रजी शाळेत शिकल्या. तुमची लेकरं-नातवंडं परदेशात. अन् आमाला सांगता, घरात मराठीच बोला. हे कसं?"

मी म्हटलं, "मी सांगते कसं. माझं माहेर रेणापूरचं. वडिलांनी मला लहानपणीच हैदराबादला मामांकडे ठेवलं, इंग्रजी शाळेसाठी. सुट्टीत घरी आले की आईला माझ्याशी काय बोलावं कळायचं नाही. ती मला पाहुण्यासारखी वागवायची. शेवटपर्यंत ते तसंच राहिलं."

"पण तुमी झालात ना मॅडम?" ते म्हणाले. "आज शाळेत खुर्चीवर बसलात ना?"

मग त्यांनी हळूच सांगितलं, "मी मुलाखतीला गेलो व्हतो एका ठिकाणी. तोंड उघडलं अन् साहेब म्हणले, कोणत्या गावचे? अजून नाव बी सांगितलं नव्हतं मी. गाव कळलं की पुढचं सगळं कळतं लोकायला. आमचं बोलणं आमच्या आधी खोलीत जाऊन बसतं, मॅडम. माझ्या पोरीचं तसं व्हायला नको."

ते जे म्हणत होते ते खरं होतं. मी फक्त एवढंच मागितलं : दिवाळीपर्यंत वैशालीताईंना मुलीशी मनमोकळं बोलू द्या, आणि एका शनिवारी त्यांना घरच्या तासाला पाठवा. "बघू," ते म्हणाले. "दिवाळीला दाखला न्यायचा की न्हाई, तवा ठरवू."

पुढच्या शनिवारी वैशालीताई आल्या त्या नवी साडी नेसून. वर्गासमोर उभ्या राहिल्या. श्रावस्ती दुसऱ्या बाकावर.

"गुड मॉर्निंग, चिल्ड्रन. माय नेम इज वैशाली. आय..." पुढचा शब्द येईना. मुलं वाट बघत होती. वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नुसती बसून राहिले. मग त्या म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ द्या ते. मी तुमाला पाखरं कशी राखायची ते सांगते."

ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे येतात. रानात चार खांबांवर माळा बांधतात, वर चढून दिवसभर राखण करायची. हातात गोफण, आणि घसा मोकळा. त्या सांगू लागल्या तशा खिडकीकडे हात करून पाखरं दाखवू लागल्या. राघू येतोय तो बघा, तिकडून. हात डोक्यावर फिरवला, गोफण सुटली आणि त्यांनी हाळी दिली, "हाऽऽ हू! हुर्रर्रर्र!" शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मुलं खिदळली. अगदी खुशीचं हसणं होतं ते, "परत, परत" म्हणत होती. पण श्रावस्तीने बाकावर डोकं टेकवलं आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. वैशालीताईंना ते दिसलं. त्यांनी तास तिथेच संपवला आणि पदर सावरत निघून गेल्या.

मी त्या संध्याकाळी फार अस्वस्थ होते. मला वाटलं होतं ते झालं नव्हतं.

मंगळवारी प्रवीण सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत आले, दाखल्याचा अर्ज घेऊन. मलाही बोलावलं. वैशालीताई दाराशी उभ्या होत्या. प्रवीण म्हणाले, "आफिसात एकाचं पोरगं त्याच वर्गात हाय. तो चारचौघांत म्हणला, काय राव, वहिनी शाळेत पाखरं हाकलून आल्या म्हणं! सगळे हसले. मॅडम, तुमी चांगल्या मनानं केलं असंल. पण आता दिवाळीची वाट न्हाई बघायची. पुढच्या रविवारी लातूरला सोडून येतो."

मुख्याध्यापक सरांनी चष्मा लावला आणि अर्ज पुढे ओढला. सेमीच्या वर्गात जागेसाठी लोक थांबलेले असत, त्यामुळे ते फार समजावत बसणाऱ्यांतले नव्हते. शिपाईमावशी श्रावस्तीला दप्तरासह घेऊन आल्या. ती आईपासून थोडी लांब उभी राहिली.

"सर, लिहू नका," वैशालीताई म्हणाल्या.

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघू लागले. प्रवीण दबक्या आवाजात म्हणाले, "वैशाली, पोरगी हाय इथं."

"हाव, हाय. म्हणूनच बोलून राहिले." त्या दारापासून पुढे आल्या. "तुमाला आफिसात लोक हसले, ते मला कळतंय. मला बी हिनं कान झाकले तवा लई लागलं. मी घरी येऊन रडले. पण काल काय झालं ते तुमाला सांगितलं न्हाई मी. काल गॅलरीत कबुतरं आली. ही एकटी व्हती तिथं. मी आत पोळ्या करत व्हते. अन् हिनं हाळी दिली, हाऽऽ हू करून. माझ्यासारखीच. कबुतरं उडाली. मग ही आत आली, मोरीपाशी उभी राहिली, अन् मला म्हणली, आई, माळा किती उंच व्हता? तुला भ्या नव्हतं वाटत?" त्यांनी श्वास घेतला. "लेकरानं मला इचारलं ओ. शाळेत घातल्यापासून पहिल्यांदा काही इचारलं. मी सांगत बसले, पोळी जळाली तव्यावर. आता तिला लातूरला धाडलं तर पुढचं कुणाला इचारंल ती? मी न्हाई धाडणार."

प्रवीण मुलीकडे बघत राहिले. श्रावस्ती आईकडे बघत होती. मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, भीती होती.

"अन् ही हिच्यासारखीच बोलायला लागली तर, मॅडम?"

"बोलायला तर लागेल," मी म्हटलं.

प्रवीणनी टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला. "दिवाळी होऊ द्या," एवढंच म्हणाले. मुख्याध्यापक सरांनी पेनचं टोपण लावलं आणि मावशींना सांगितलं, हिला वर्गात सोडून या.

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मी काही कारण काढून तिसरीच्या वर्गावरून गेले. श्रावस्ती दुसऱ्या बाकावर होती. लातूरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, मीही नाही. अध्यक्षांना मात्र मी जाऊन भेटले आणि ते वाक्य भाषणातून काढायला सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मग काय सांगू लोकांना? टाळ्या त्यालाच पडतात." शेवटी त्यांनी 'घरात बोलण्याचं वातावरण ठेवा' असं म्हणायला सुरुवात केली. टाळ्या कमी पडल्या.

प्रवीणचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. श्रावस्ती उद्या कुठल्या तरी मुलाखतीला जाईल, तेव्हा तिचं बोलणं तिच्या आधी खोलीत जाऊन बसेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते बदलायचं काम ऐकणाऱ्यांचं आहे. ऐकणारे माझ्या पालक सभेला येत नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वर्षातली शेवटची सभा झाली. आता मी आयांना मागच्या रांगेत बसू देत नव्हते. एकेका घराला समोर बसवून शिक्षक मुलाबद्दल सांगायचे, मी बाजूला. प्रवीण आणि वैशालीताई येऊन बसले. प्रीती मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"मार्क ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "पण श्रावस्ती तासाला फार बोलते. जागा बदलून बघितली. काही उपयोग नाही, नवीन शेजारणीशी बोलते. तुम्ही घरी समज द्या."

प्रवीण सावरून बसले. "मराठीत बोलती का इंग्रजीत?"

"शेजारी जे चालेल त्यात," प्रीती मॅडम म्हणाल्या. त्यांना यात काही गंमत वाटत नव्हती.

वैशालीताई खुर्चीच्या अगदी कडेला सरकल्या होत्या. "काय करती म्हणलात, मॅडम? परत एकदा सांगा की."

प्रीती मॅडमना वाटलं, हॉलमधल्या गोंगाटात त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांनी आवाज चढवला आणि सगळी तक्रार पहिल्यापासून पुन्हा सांगितली, आणि वैशालीताईंनी ती एकही शब्द न गाळता ऐकून घेतली.